समुद्राचे कान

गिरगांवच्या चौपाटीवर लाटांचा आवाज आपण नेहमींच ऐकतों. पण पाण्याखालीं ध्वनि किती वेगानें जातो, याची आपणांस क्वचितच कल्पना असते. हवेंत तो सेकंदास सुमारें ३४० मीटर धांवतो, समुद्रांत सुमारें १५००. पहिल्या महायुद्धांत याच गुणाचा उपयोग झाला. हायड्रोफोन म्हणजे पाण्यांतला कान. तो सोडून पाणबुडीच्या पंख्यांची घरघर ऐकूं लागले. पुढें सोनार यंत्र आलें. तें स्वतः ध्वनि सोडून त्याचा प्रतिध्वनि टिपतें.

डिसेंबर १९७१ मध्यें 'खुकरी' व 'किरपाण' या युद्धनौका मुंबईहून पाणबुडीच्या शोधास निघाल्या. 'खुकरी'वर सुधारलेल्या सोनारची चाचणी चालू होती. वेगाबरोबर नौकेचा गोंगाट वाढतो व क्षीण प्रतिध्वनि त्यांत हरवतो, म्हणून ती मंद चालली होती. दीवजवळ 'हंगोर' ही पाकिस्तानी पाणबुडी मात्र निमूटपणें कान देऊन होती. ९ डिसेंबरच्या रात्रीं तिचा टॉर्पेडो, तोहि आवाजाचाच माग घेणारा, 'खुकरी'स लागला. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनीं नौका सोडली नाहीं. त्यांच्यासह १९४ जण गेले.

ऐकावयाचें तर मंदावावें लागतें, आणि मंदावलेला सहज सांपडतो. पाण्याखालच्या कानांची ही किंमत त्या १९४ जणांनीं मोजली. चौपाटीवर बसतांना त्यांचें स्मरण असूं द्यावें.