साथ आणि मतदानाची रांग

'मानमोडी' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आजीकडून. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. ती जोरात असतानाच, ५ नोव्हेंबर १९१८ ला, अमेरिकेत काँग्रेसची निवडणूक झाली हे मला फार उशिरा कळलं. अनेक शहरांत सभांना बंदी होती. सॅन फ्रान्सिस्कोत लोक मास्क लावून मतदानाला गेले. १९१४ ला साधारण ५० टक्के मतदान झालं होतं, ते ४० च्या आसपास आलं. अर्थात लाखो तरुण तेव्हा युद्धावर होते, त्यामुळे सगळं खापर साथीवर फोडता येत नाही.

तरी मला वाटायचं, साथ आली की मतदान घटणारच. २०२० मध्ये ही समजूत गेली. ७ एप्रिलला विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरात १८० ऐवजी फक्त ५ केंद्रं उघडली, कामाला माणसंच मिळेनात. लोक तासन्‌तास रांगेत! आठवडाभराने दक्षिण कोरियात मात्र ६६.२ टक्के मतदान झालं. संसदेच्या निवडणुकीत १९९२ नंतर एवढं कधीच झालं नव्हतं. तिथे आगाऊ मतदानाला दोन दिवस होते, दारात ताप मोजत, हातमोजे देत. विलगीकरणातल्यांसाठी संध्याकाळी सहानंतरची वेळ ठेवली होती.

आजी शेवटचं मत द्यायला काठी टेकत गेली. केंद्र गल्लीतल्या शाळेतच होतं म्हणून. ते पाच मैलांवर असतं तर? यादीत नाव तिचं तेव्हाही असतंच की...