त्रैक्य (ख्रिस्ती सिद्धांत)

देव एकच आहे आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा तिघांत एक आहे, ही ख्रिस्ती श्रद्धा. ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलात नाही. सिद्धांताला नेमके शब्द मिळायला काही शतके गेली. पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे, असे नायसियाच्या परिषदेने इ.स. ३२५ मध्ये ठरवले. कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी (३८१) जोडलेल्या मसुद्यात पवित्र आत्म्याविषयीचा भाग वाढला. रविवारच्या मिस्सेत भाविक उभे राहून जो विश्वासांगीकार म्हणतात, तो याच परंपरेतला.

मराठीत खरी अडचण शब्दांची. ‘त्रिमूर्ती’ म्हटले की ब्रह्मा-विष्णू-महेश आठवतात. ‘तीन व्यक्ती’ म्हटले की तीन वेगळी माणसे. ‘त्रैक्य’ या शब्दात मात्र तीनही आहेत आणि ऐक्यही.

मुंबईच्या उपनगरांत हे नाव जुने आहे. पोर्तुगीज काळात साष्टी बेटावर, विहारच्या बाजूला, येशूसंघीयांनी वसवलेले ख्रिस्ती गाव ‘त्रिंदादे’, म्हणजे त्रैक्य, या नावानेच ओळखले जाई. पवईचे होली ट्रिनिटी चर्च आजही ते नाव धारण करते.

विश्वासांगीकारातल्या ‘अंगीकार’चा अर्थ आपलेसे करणे. या शब्दाचे वजन समाजसुधारक पंडिता रमाबाईंइतके क्वचितच कुणी ओळखले असेल. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. पुढे चेल्टनहॅमला असताना, १८८५ च्या सुमारास, त्यांनी अथानासियसच्या नावाने चालणारा मतांगीकार मान्य करायला नकार दिला. त्रैक्य न मानणाऱ्याचा सर्वनाश होईल, असे हा मतांगीकार बजावतो. ज्यांना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत, त्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा यावर दीर्घ पत्रव्यवहार झाला. धर्मशास्त्र वाचून स्वतःच्या विवेकाला पटेल तेवढेच आपण स्वीकारू, चर्चने सांगितले एवढ्यावरून नाही, ही त्यांची भूमिका. ती अश्रद्धेची नव्हती. तोंडाने म्हणायचे ते मनाने मानलेले असावे, हा त्यांचा आग्रह होता.

भारतात परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. ख्रिस्तावरील त्यांची निष्ठा पुढच्या वर्षांत अधिक गाढ झाली. अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीकमधून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. हे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले.