घरातला वाद मिटवायचाय? सुलह, लवाद आणि लोकअदालत यांतला फरक समजून घ्या

नवरा-बायकोचं पटत नाही, वारसाहक्कावरून भावा-बहिणींत वाद आहे, भागीदारीत पैसे अडकलेत. अशा वेळी कोर्टात जाण्याआधी जमातीतल्या चार जाणत्यांना बसवायची आपल्याकडे रीत आहे. रीत चांगलीच आहे. पण त्या बैठकीतल्या कागदाला कायद्यात किती वजन, हे अनेकांना उशिरा कळतं.

दीन काय सांगतो?
पती-पत्नीत फूट पडण्याची भीती असेल तर दोन्ही घरांतून एकेक हकम नेमा, असा हुकूम सूरह निसाच्या 35 व्या आयतीत आहे. तलाकआधी अशी समेटाची कोशिश झालेली असली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानेही शमीम आरा प्रकरणात (2002) म्हटलं आहे.

मध्यस्थी (सुलह)
मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांना बोलतं करतो. तडजोड दोघांच्या मर्जीने होते. कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात झालेलं बोलणं गोपनीय राहतं. कौटुंबिक न्यायालयानेही आधी समेटाचा प्रयत्न करावा, असं 1984 चा कायदा सांगतो.

लवाद
लवाद मात्र निवाडा देतो. 1996 च्या कायद्यानुसार त्यासाठी दोन्ही बाजूंचा लेखी करार लागतो आणि लवादांची संख्या विषम असावी लागते. निवाड्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी होते. व्यापार, भागीदारी, ठेकेदारीच्या वादांना हा मार्ग बरा. तलाक, मुलांचा ताबा किंवा फौजदारी गुन्हा लवादाकडे नेता येत नाही.

लोकअदालत
विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 खाली ही भरते. कोर्टात न गेलेला वादही ‘दाखलपूर्व’ म्हणून ठेवता येतो. कोर्ट फी लागत नाही; चालू दाव्यात भरलेली परत मिळते. तडजोडीच्या निवाड्याला हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी नीट वाचा.

जमात आणि दारुल कझा
विश्वलोचन मदन प्रकरणात (2014) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दारुल कझाच्या फैसल्याला किंवा फतव्याला कायद्याचं बंधन नाही. स्वखुशीने मानायला मनाई नाही. पण जबरदस्ती बेकायदा आहे. म्हणजे ठरलेली मेहर किंवा खर्च उद्या मिळाला नाही, तर केवळ त्या कागदावर वसुली होत नाही.

हे लक्षात ठेवा
- जमातीत तडजोड झाली तरी ती लोकअदालतीत नोंदवून घ्या.
- रक्कम, तारीख, हप्ते, मुलांची भेट हे सगळं स्पष्ट लिहा.
- बहिणीने जमिनीतला हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. दबावाखाली सही करू नका.
- बैठका चालू आहेत म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही.
- मारहाण होत असेल तर आधी सुरक्षितता. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागा. ‘आपसात मिटवा’ म्हणून बाईला परत पाठवणं ही सुलह नव्हे.

कुठे जायचं?
जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. हेल्पलाइन 15100. महिलांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो.