चाकणचा भुईकोट



चौथीच्या मुलांना शिवचरित्र शिकविण्यात माझ्या आयुष्याची पुष्कळ वर्षे गेली. चाकणच्या वेढ्याचा प्रसंग आला, की मी फळ्यावर एक चौकोन काढी, त्याच्या चारी कोपऱ्यांना बुरूज जोडी आणि फिरंगोजी नरसाळ्याची हकीकत रंगवून सांगे. परंतु पुण्यापासून अवघ्या ३० किलोमीटरांवरचा हा किल्ला मी स्वतः कधी पाहिला नव्हता, ही कबुली आज दिली पाहिजे. सेवानिवृत्तीनंतर एका श्रावणात ती उणीव भरून काढण्यास निघालो.

पुणे-नाशिक रस्त्यावर, मोटारींच्या कारखान्यांच्या गराड्यात, कांद्याच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध असलेले चाकण लागते. ‘संग्रामदुर्ग कोठे?’ असे विचारले, तेव्हा दोघांनी नकारार्थी मान हलविली. ‘किल्ला’ म्हणताच एका आजीबाईंनी घरांमागे बोट दाखविले. तेथे गेलो, तो ढासळलेला तट, त्यावर माजलेले गवत आणि बुजत चाललेला खंदक! जुन्या गॅझेटियरात या खंदकाची रुंदी ३० फूट व खोली १५ फूट नोंदलेली आहे.

तटावर एक शाळकरी मुलगा शेळ्या राखीत होता. माझी चौकशी ऐकून तो म्हणाला, “आजोबा, इथं डोंगर कुठाय? मग ह्यो किल्ला कसा?”

मुलाने नेमक्या वर्मावर बोट ठेवले होते. राजगडास सह्याद्रीच्या कड्यांचा आधार, सिंधुदुर्गास समुद्राचा. चाकणला सपाट भुईखेरीज काही नाही. असे असता इ. स. १६६० च्या जूनमध्ये शाहिस्तेखानाने प्रचंड फौजेनिशी या भुईकोटास वेढा घातला. शिवाजीमहाराज त्या वेळी पन्हाळ्यास सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. बाहेरून कुमक येण्याची आशा नव्हती. संततधार पावसात मोगलांनी मोर्चे बांधले, दमदमे उभारले आणि ईशान्येच्या बुरुजाखाली सुरुंग नेला. १४ ऑगस्ट रोजी बुरूज उडाला. मोगल त्या खिंडारावर धावले, तो आत मातीचा नवा बांध तयार! बांधाआडून बाण, बंदुका आणि दगड यांचा असा मारा झाला, की तो दिवस तसाच मावळला. दुसऱ्या दिवशी मात्र तट पडला व उरलेल्या शिबंदीने शरणागती दिली. सुमारे ५५ दिवसांच्या या झुंजीत मोगलांचे २६८ लोक ठार व ६०० जखमी झाले.

खानाने फिरंगोजीस बादशाही चाकरी देऊ केली. त्याने ती नाकारली. किल्ला गमावून परतलेल्या या किल्लेदारास महाराजांनी दोष दिला नाही. उलट भूपाळगड त्याच्या हवाली केला. एका लहानशा भुईकोटासाठी एवढी किंमत मोजावी लागल्यावर डोंगरी किल्ल्यांना भिडण्याचा खानाचा उत्साह मावळला, असे इतिहासकार मानतात.

हे मी त्या मुलास जमेल तसे सांगितले. तो काही वेळ गप्प राहिला आणि मग स्वतः होऊन मला ईशान्येच्या कोपऱ्याकडे घेऊन गेला. “ह्योच का तो बुरूज?” त्याने विचारले. ढिगाऱ्याकडे पाहून मलाही छातीठोकपणे सांगता येईना. इतकी वर्षे फळ्यावर तो बुरूज मी खडूने बिनदिक्कत काढीत आलो होतो!

डोंगरी किल्ले आपल्या उंचीच्या बळावर अजून कैक शतके उभे राहतील. भुईकोटाचा दगड मात्र हाताशी असतो. आज एक चिरा कोणाच्या ओट्यास जातो, उद्या दुसरा कोणाच्या गोठ्यास. म्हणून शिक्षकबंधूंना व पालकांना माझी विनंती आहे : सहलीचे बेत आखताना वाटेवरच्या अशा पडक्या गढीकोटांसाठी एक तास राखून ठेवा. मी उशिरा गेलो. तुम्ही मुलांना वेळेवर न्या.