टांचेच्या कंडरेचा टांका

पोटरीचे स्नायू टांचेस जोडणारी जाड कंडरा तुटली, कीं मनुष्यास त्या पायाच्या चवड्यावर उभें राहतां येत नाहीं. १७६७ सालीं लंडनचे विख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर यांचीच ही कंडरा तुटली. टांका न घालतां, केवळ पट्टी बांधून त्यांनीं टोंकें जवळ ठेविलीं, आणि ती सांधली.

विसाव्या शतकांत टांक्यांचे निरनिराळे प्रकार निघाले. अमेरिकन शस्त्रवैद्य बनेल यांचा दोरा कंडरेंतून तिरका, फुलीसारखा जाई. तो ओढला असतां आंतील रक्तप्रवाह आवळण्याचें भय असे. केसलर यांनीं १९७३ मध्यें चौकटीचा टांका सुचविला. क्रॅको यांनीं १९८६ मध्यें दोन्ही कडांवर एकांत एक गुंतणारे फांस घातले; पकड घट्ट झाली, परंतु कंडरा अधिक उघडी करावी लागे. उलट, मा व ग्रिफिथ यांनीं १९७७ मध्येंच त्वचेच्या बारीक छिद्रांतून दोरा ओवला होता. तेथें शेजारचा मज्जातंतु दोऱ्यांत सांपडण्याचा धोका होता.

मग श्रेष्ठ कोणता? नॉर्वेंतील ५२६ रुग्णांची तुलना २०२२ मध्यें प्रसिद्ध झाली. वर्षानंतर शस्त्रक्रिया केलेल्यांत व न केलेल्यांत पायाच्या कार्यशक्तीचा लक्षणीय फरक आढळला नाहीं. मात्र शस्त्रक्रियेविना शेंकडा ६.२ जणांची कंडरा पुन्हां तुटली. शस्त्रक्रियेनंतर शेंकडा ०.६ जणांचीच. मज्जातंतूची इजा लहान छेदाच्या पद्धतींत सर्वांत अधिक, म्हणजे शेंकडा ५.२ होती. टांका टोंकें धरून ठेवतो. सांधण्याचें काम शरीरच करतें.