कासवाची लय आणि अर्थाचे ओझे

संगीत कशाचे चित्रण करते, या प्रश्नाची चर्चा बहुधा गंभीर कृतींच्या आधारे होते. त्याची कसोटी मात्र विनोदी कृतीत लागते. फ्रेंच संगीतकार कामीय सँ-साँस याची १८८६ मधील ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ ही १४ भागांची वाद्यरचना या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘हंस’ हा एक भाग वगळता त्याने ती हयातीत छापू दिली नाही. १९२१ मध्ये त्याचे निधन झाल्यावर, १९२२ साली ती प्रसिद्ध झाली.

‘कासवे’ या भागात ऑफेनबाखच्या १८५८ च्या संगीतिकेतील भरधाव कॅन-कॅन नृत्य तंतुवाद्यांवर रेंगाळत चालते. ‘हत्ती’मध्ये बेर्लिओझचे तरल पऱ्यांचे नृत्य खर्जातल्या डबल बासच्या वाट्याला येते. ‘जीवाश्म’ या भागात संगीतकार स्वतःच्याच १८७४ च्या ‘मृत्युनृत्या’ची हाडे वाजवतो, आणि पियानोवादकांचीही गणना प्राण्यांतच होते.

हा विनोद स्वरांत आहे की शीर्षकांत? हान्सलिकने १८५४ मध्ये संगीताचा आशय म्हणजे स्वरांची गतिमान रूपे, असे प्रतिपादले होते. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वाच्या नियमांवर सौंदर्याची उभारणी केली. या भूमिकेनुसार कासव हे संगीताबाहेरचे ठरते. सोलापूरच्या नव्या पेठेतील एखाद्या श्रोत्याला शीर्षक न सांगता हा भाग ऐकवला, तर बाजारपेठेच्या गर्दीत अडकलेली, बँड वाजत असूनही पुढे न सरकणारी वरात त्याला दिसू शकेल. हा अन्वयार्थ चूक म्हणता येणार नाही. मंदगती स्वरांतच आहे. तिला कासव म्हणायचे की वरात, हे भाषा ठरवते. ऑग्डेन नॅशने १९४९ मध्ये या रचनेला विनोदी पद्यांची जोड दिली, तीही याच मोकळ्या जागेत.

तथापि या श्रोत्याच्या हातून एक गोष्ट निसटते. मूळ कॅन-कॅन ठाऊक नसल्याने त्याला मंदपणा जाणवतो, विडंबन जाणवत नाही. येथील निर्णायक विरोध रचनेतील दोन स्वरसमूहांत नसून, ऐकू येणारी धून आणि स्मरणातली धून यांच्यात आहे. ‘झेंडूची फुले’ वाचणाऱ्यालाही मूळ कवितेचे वळण ठाऊक असावे लागते, ते याच कारणाने. म्हणजे विरोधाचा नियम टिकतो. पण तो कलाकृतीच्या चौकटीत मावत नाही. स्वायत्ततावादी समीक्षेला उत्तर द्यावे लागेल ते कासवाबद्दल नव्हे, श्रोत्याच्या या स्मृतीबद्दल.