चूक ऐकणारं यंत्र

आमच्या बेळगावच्या घरात दोन नियम होते. सूर्य मावळायच्या आत जेवण आटपायचं आणि दिवे लागल्यावर मुलींनी बाहेर पडायचं नाही. पहिला धर्माचा, दुसरा घरातल्या मोठ्यांचा. गाण्याचा वर्ग मात्र भरायचा संध्याकाळी सातला. म्हणून अज्जीचं, आईचं आणि माझंही गाणं बस्तीतल्या आरत्या-पदांपाशीच थांबलं.

अज्जीकडे ग्रामोफोन होता. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लावून तांदूळ निवडत ती गुणगुणायची. एकदा म्हणाली, "ही पेटी गाती झकास, पण माझं चुकलं तर सांगती व्हय?"

संगीतशिक्षणाच्या इतिहासातली मेख या एका वाक्यात आहे, असं मला आज वाटतं. 1886 साली बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी गायनशाळा काढली आणि गाणं स्वरलिपीत उतरवून शिकवलं. 1916 ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही बडोद्यातच भरली. त्यामागे भातखंडे होते. 1918 साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झालं तेही त्यांच्याच पद्धतीवर. घराण्यांनी जपून ठेवलेल्या बंदिशी छापील पुस्तकांतून कुणाच्याही हाती येऊ लागल्या. त्याच्या आधीच, 1902 मध्ये, कलकत्त्यात गौहर जानचं गाणं तबकडीवर चढलं होतं.

आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी तबकड्या ऐकून थोरामोठ्यांची गाणी हुबेहूब म्हणत. तरीही पुढे ते मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकले. भीमसेन जोशींनी खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि त्या ओढीने 1933 साली घर सोडलं. शेवटी ते स्थिरावले कुंदगोळला, सवाई गंधर्वांपाशी. तबकडीने वेड लावलं, पण शिकवलं गुरूंनीच. पुस्तक काय, तबकडी काय, गुरूचं गाणं शिष्यापर्यंत आणायची. शिष्याचं गाणं गुरूपर्यंत नेणारं मात्र काही नव्हतं.

2020 च्या टाळेबंदीत वर्ग फोनवर आले. हैदराबादची माझी नात बेळगावच्या बाईंकडे व्हिडिओ कॉलवर शिकू लागली, तेव्हा अडचणीच आधी दिसल्या. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. आवाज पाव सेकंद उशिरा पोचला तरी अर्धी मात्रा गेली! एकत्र गाणं अशक्यच. तानपुऱ्याचा अखंड सूर म्हणजे गोंगाट, असं समजून यंत्र तो कापून टाकायचं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' सुरू करावं लागतं, हे उशिरा कळलं. मग बाईंनी रीत बदलली. नातीने तिच्याकडचं तानपुरा-अ‍ॅप लावायचं, रियाज रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा; बाई ऐकून चुका सांगणार.

नात म्हणाली, "आजी, तूपण पाठव की!" त्रेसष्टाव्या वर्षी लाजत लाजत मी भूप म्हटला आणि आधी घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. अंगठे, फुलं, 'वा वा!' यांचा पाऊस पडला. मी खूश. मग धीर करून तोच बाईंना पाठवला. रात्री उत्तर आलं: "काकू, आवाज छान आहे, पण गंधार उतरतोय. नुसता सा-ग रोज दहा मिनिटं म्हणा."

ग्रुपवरच्या कौतुकात कुणालाही तो उतरलेला गंधार ऐकू आला नव्हता. समाजमाध्यमांवर गाणं पोचतं सगळ्यांपर्यंत, पण चूक ऐकणारा कान तिथे आपोआप मिळत नाही. तो शोधावाच लागतो. एकत्र गाण्याचं सुखही फोन देत नाही. म्हणून नात सुटीत बाईंसमोर जाऊन बसते आणि ते तिने बसावंच.

पण त्या रात्री मी घरातच होते, जेवण सूर्यास्तापूर्वी झालेलं होतं, आणि कुणीतरी माझी चूक ऐकली होती. अज्जीला हे मिळालं नाही.

रोज दहा मिनिटं मी सा-ग म्हणते.